शितावरून आयुष्याची परीक्षा

३ सप्टेंबर २०२५ला बीजिंगमध्ये लष्करी संचलन बघायला निघालेल्या शी जिनपिंग आणि व्लादिमिर पुतिन यांचं बोलणं चालू राहिलेल्या माइकनं पकडलं. अवयव बदलत राहिलं तर माणूस दिवसेंदिवस तरुण होत जाईल, कदाचित अमरही होईल, असा पुतिन यांच्या दुभाष्याच्या वाक्यांचा आशय. याच शतकात माणूस दीडशे वर्षं जगेल असं भाकीत केलं जातंय, हे शी यांचं उत्तर. दोघंही तेव्हा ७२ वर्षांचे. या काही सेकंदांच्या संवादावरून जो वाद पेटला तो अजून धुमसतो आहे आणि फार वाईट पद्धतीनं घातला जातो आहे. म्हातारपण हा आजार आहे आणि तो लवकरच बरा होणार, असं म्हणणाऱ्यांच्या हातात उंदरांचे आलेख. मरण हा निसर्गनियम आहे, हे सगळे अब्जाधीशांचे चोचले, असं म्हणणाऱ्यांच्या तोंडी गीतेचा श्लोक. इतकं जगावं की जगू नये यावर दोन्हीकडचे तावातावानं भांडतात. पण एखाद्या औषधानं आयुष्य वाढलं हे कळणार कसं? हे कुणी विचारत नाही, आणि खरा पेच तिथेच आहे.

माझी भूमिका आधीच सांगून टाकतो. म्हातारपणाच्या मुळाशी असलेल्या प्रक्रियांवर औषध शोधणं हे रास्त काम आहे आणि त्यावर सरकारी पैसाही लागला पाहिजे. मात्र त्या औषधाला रक्तदाबाच्या किंवा कॅन्सरच्या औषधापेक्षा सवलतीची फूटपट्टी लावता कामा नये. किती माणसं मेली, किती अंथरुणाला खिळली, किती जण स्वतःच्या पायांनी जिना चढू शकले, हे मोजून दाखवा. 'जैविक वय', म्हणजे रक्ततपासणीतून काढलेलं शरीराचं वय, 'सात वर्षांनी घटलं' असा छापील अहवाल दाखवणं म्हणजे शितावरून भाताची परीक्षा. ती करायला हरकत नाही, पण शीत त्याच भांड्यातलं आहे ना, एवढं तरी आधी बघायला हवं.

अवयव बदलण्याची कल्पना पटकन बाजूला काढू. नवं मूत्रपिंड बसवलं की मूत्रपिंड तेवढं नवं होतं. रक्तवाहिन्या, हाडं, मेंदू जुनेच राहतात, आणि मेंदूच बदलला तर जगतोय कोण? शिवाय परका अवयव शरीरानं झिडकारू नये म्हणून प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं जन्मभर घ्यावी लागतात. त्यांनी जंतुसंसर्ग आणि कॅन्सर, दोन्हींचा धोका वाढतो. गंमत अशी की आयुष्य वाढवण्याच्या संशोधनातलं आजचं सगळ्यांत भक्कम नाव याच औषधांच्या रांगेत सापडलं. १९६४ साली कॅनडाच्या एका वैद्यकीय मोहिमेनं ईस्टर बेटावरून मातीचे नमुने आणले. माँट्रियलच्या आयर्स्ट प्रयोगशाळेत सुरेन्द्रनाथ सेहगल आणि सहकाऱ्यांनी त्यातल्या एका जिवाणूपासून बुरशी मारणारं द्रव्य वेगळं केलं. बेटाचं स्थानिक नाव रापा नुई, म्हणून द्रव्य झालं रापामायसिन. पुढे ती प्रयोगशाळा बंद झाली आणि काम थांबलं, तेव्हा सेहगल यांनी थोडा साठा घरच्या फ्रीजरमध्ये जपून ठेवला. १९९९मध्ये हेच औषध अमेरिकेत मूत्रपिंड-प्रत्यारोपणासाठी मंजूर झालं.

त्याचं दुसरं आयुष्य सुरू झालं २००९मध्ये, तेही एका अडचणीतून. अमेरिकेत सरकारी पैशावर एक प्रयोगमाला चालते. मेन राज्यातली जॅक्सन प्रयोगशाळा, मिशिगन विद्यापीठ आणि टेक्सासमधलं सॅन अँटोनियो, अशा तीन ठिकाणी तेच औषध, त्याच मात्रेत, एकाच वेळी उंदरांना देतात आणि उंदीर मरेपर्यंत थांबतात. रापामायसिन खाद्यात मिसळलं की टिकेना. आतड्यापर्यंत शाबूत पोचेल असं सूक्ष्म वेष्टण तयार करण्यात इतका वेळ गेला, की औषध सुरू होईतो उंदीर ६०० दिवसांचे झाले होते, म्हणजे माणसाच्या हिशेबात साठीचे. संशोधकांनी ते मोडीत न काढता त्याच म्हाताऱ्या उंदरांना औषध सुरू केलं. शंभरातले नव्वद उंदीर कोणत्या वयापर्यंत मरतात या हिशेबानं माद्यांचं आयुष्य १४ टक्क्यांनी आणि नरांचं ९ टक्क्यांनी वाढलं. साठी उलटल्यावर सुरू केलेलं औषधही उपयोगी पडू शकतं, हे सस्तन प्राण्यात पहिल्यांदाच इतकं स्वच्छ दिसलं.

या प्रयोगमालेचं मला जास्त कौतुक आहे ते तिच्या नापासांच्या यादीमुळे. रेड वाइनमधलं रेसव्हेराट्रोल घ्या. एकेकाळी त्याच्या नावावर केवढी बाजारपेठ उभी राहिली होती, पण इथे ते सपशेल नापास झालं. ग्रीन टीचा अर्क नापास. निकोटिनामाइड रायबोसाइड, जे आज चकचकीत डब्यांतून विकलं जातं, तेही नापास. आणि हळदीतलं करक्यूमिनही. (फोडणीत हळद घालणं थांबवायचं कारण नाही, ती चवीला आणि रंगाला असते. दूध-हळदीला 'अँटी-एजिंग' म्हणणं तेवढं थांबवावं.) हे सगळे पदार्थ परीक्षानळीतल्या पेशींवर किंवा एखाद्या प्रयोगशाळेतल्या एकाच जातीच्या, एकमेकांच्या जणू प्रतीच असलेल्या उंदरांवर उत्तम चालले होते. तीन गावांतल्या, वेगवेगळ्या वंशांच्या संकरातून आलेल्या उंदरांवर ते चालेनात. आहाराची गोष्ट तर आणखी बोलकी. कमी खाल्ल्यानं माकडं जास्त जगतात का, यावर अमेरिकेत दोन ठिकाणी दोन तपांहून अधिक काळ प्रयोग चालले. विस्कॉन्सिननं २००९मध्ये हो म्हटलं, तर राष्ट्रीय वार्धक्य संस्थेनं २०१२मध्ये नाही. का? विस्कॉन्सिनच्या माकडांच्या खाण्यात २८ टक्क्यांच्या आसपास साखर होती, दुसरीकडे जेमतेम ४ टक्के. एकीकडे आधीच वाईट खाणाऱ्याचं खाणं कमी केलं, म्हणून फायदा ठळक दिसला. म्हणजे आयुष्य मोजतानाही तुलना कुणाशी केली यावर उत्तर फिरतं. मग आयुष्याच्या जागी भलतंच काही मोजलं तर काय होईल?

इथे समोरच्या बाजूचा सर्वांत वजनदार मुद्दा येतो आणि तो मान्यच केला पाहिजे. उंदीर तीन वर्षांत मरतो, माणूस मरत नाही. चाळिशीत औषध सुरू करून तो माणूस मरायची वाट बघायची म्हटलं तर संशोधक आधी जाईल. तेव्हा लवकर दिसणारी खूण हवीच. वैद्यकशास्त्र अशा खुणांवरच चालतं. डॉक्टर रक्तदाब मोजतात, कोलेस्टेरॉल मोजतात. एड्सच्या औषधांना रक्तातल्या विषाणूंच्या संख्येवरून मान्यता मिळाली आणि त्यामुळे लाखो लोक वाचले. प्रत्येक औषधाला मृत्यू मोजायला लावले असते तर ही औषधं किती उशिरा आली असती? मग म्हातारपणालाच वेगळा न्याय का?

न्याय तोच आहे. फक्त रक्तदाबानं तो मान कसा कमावला ते आठवावं. १९६७मध्ये अमेरिकेत माजी सैनिकांच्या रुग्णालयांतून १४३ पुरुषांची चाचणी झाली. सगळ्यांचा खालचा रक्तदाब ११५ ते १२९च्या दरम्यान. निम्म्यांना औषध, निम्म्यांना तशीच दिसणारी पण औषध नसलेली गोळी, म्हणजे प्लासिबो. दोनेक वर्षांत प्लासिबोवाल्यांत २७ जणांच्या बाबतीत गंभीर घटना घडल्या, औषधवाल्यांत फक्त २. त्यानंतर डझनावारी चाचण्यांत, वेगवेगळ्या औषधांनी, रक्तदाब उतरला की झटके आणि मृत्यूही उतरतात हे दिसत गेलं. शीत आणि भात यांचं नातं असं पुन्हापुन्हा तपासून झालं आहे.

नातं न तपासता शितावर विसंबलं तर काय होतं, याचा धडाही हृदयरोगातच मिळाला. हृदयविकाराच्या झटक्यानंतर काही रुग्णांच्या हृदयाचे ठोके मधूनच चुकतात, आणि असे रुग्ण अचानक मरण्याचं प्रमाण जास्त असतं. मग ठोके सुरळीत करणारी औषधं दिली की मृत्यू टळणार, हे इतकं सरळ वाटत होतं की ती सर्रास लिहून दिली जात. प्लासिबो देऊन रुग्णांना 'वंचित' ठेवणं अनैतिक आहे असं म्हणणारेही होते. तरीही चाचणी झाली आणि १९८९मध्ये ती घाईनं थांबवावी लागली. एन्केनाइड किंवा फ्लेकेनाइड घेणाऱ्या ७५५ जणांपैकी ६३ मेले, प्लासिबो घेणाऱ्या ७४३ जणांपैकी २६. ठोके मात्र सुधारले होते. ईसीजीचा कागद सुंदर आणि रुग्ण गेलेला! आज जैविक वयाचे अहवाल मिरवणाऱ्या प्रत्येकाला ही आकडेवारी तोंडपाठ करायला लावली पाहिजे.

हे जैविक वय निघतं तरी कसं? रक्तातल्या पांढऱ्या पेशींमधून डीएनए काढतात. डीएनएवर जागोजागी मिथाइल नावाचं बारीकसं रासायनिक टोपण बसलेलं असतं आणि वयानुसार काही जागी ते वाढतं, काही जागी गळतं. डीएनएवर बायसल्फाइटची प्रक्रिया केली की टोपण नसलेलं सायटोसिन बदलून युरॅसिल होतं, टोपणवालं तसंच राहतं. मग साडेआठ लाखांहून अधिक जागा असलेल्या चिपवर हे मिश्रण सोडून, कोणत्या जागी किती टक्के टोपणं आहेत ते उजेडाच्या तीव्रतेवरून वाचतात. स्टीव्ह हॉर्वाथ यांनी २०१३मध्ये यातल्या ३५३ जागा निवडून एक सूत्र बसवलं आणि ते माणसाचं वय सरासरी साडेतीन-चार वर्षांच्या चुकीनं सांगू लागलं. हे काम खरोखर अजोड आहे, न्यायवैद्यकापासून पेशीविज्ञानापर्यंत त्याचा उपयोग आहे. पण वय ओळखणारं सूत्र आणि 'औषध लागू पडलं का' हे सांगणारं सूत्र एकच असेल, असं कुणी सांगितलं? केस किती पांढरे झाले यावरूनही वयाचा अंदाज येतो. म्हणून कलप लावल्यानं आयुष्य वाढत नाही.

शिवाय हात थरथरणाऱ्यानं फूटपट्टी धरावी तशी या मोजणीची अवस्था आहे. अशा सूत्रांना 'घड्याळ' म्हणतात. रक्ताचा एकच नमुना दोनदा तपासला तर काही घड्याळांत नऊ वर्षांपर्यंत फरक पडतो, हे २०२२मध्ये प्रसिद्ध झालं. प्रक्रिया थोडी अर्धवट झाली, चिपची खेप बदलली, की एकेका जागी बारीकशी चूक होते आणि सूत्रातल्या गुणकांनी ती फुगते. सर्दी-तापात पांढऱ्या पेशींचं आपसातलं प्रमाण बदलतं, त्यानंही आकडा हलतो. खुब्याच्या तातडीच्या शस्त्रक्रियेनंतर, गरोदरपणात आणि गंभीर कोविडमध्ये जैविक वय वाढतं आणि बरं वाटू लागल्यावर उतरतं, हे २०२३च्या एका अभ्यासात दिसलं. म्हणजे आजारपणातून उठलेला माणूसही काहीच न घेता 'तरुण' होतो. आता बाजार बघा. ज्याचा आकडा पहिल्या खेपेला जास्त येतो तोच घाबरून गोळ्या घेतो आणि तीन महिन्यांनी पुन्हा तपासतो. पहिला आकडा निव्वळ चुकीनं वर गेलेला असेल तर दुसरा खाली येणारच, गोळी खडूची असली तरी. कुणाला ही तपासणी करायचीच असेल तर एक स्वस्त युक्ती आहे. एकाच वेळी काढलेल्या रक्ताच्या दोन नळ्या वेगवेगळ्या नावांनी पाठवाव्यात. दोन उत्तरांतलं अंतर हीच त्या अहवालाची लायकी. 'वेगवेगळ्या घड्याळांची सरासरी काढा की' असं यावर सांगितलं जातं. खाणं कमी करण्याच्या दोन वर्षांच्या चाचणीतल्या सुमारे दोनशे अमेरिकनांचं रक्त तीन घड्याळांनी तपासलं, तर एकानं म्हातारपणाचा वेग दोन-तीन टक्क्यांनी मंदावल्याचं सांगितलं आणि उरलेल्या दोघांनी काहीच नाही. सरासरी कशाची काढणार?

हे नवं नाही, म्हणून जास्त खटकतं. १८८९च्या जूनमध्ये पॅरिसच्या जीवशास्त्र मंडळापुढे शार्ल-एडुआर ब्राउन-सेकार हा नामवंत शरीरशास्त्रज्ञ उभा राहिला. तोही तेव्हा ७२ वर्षांचा. कुत्र्यांच्या आणि गिनीपिगांच्या वृषणांचा पाण्यातला अर्क आपण टोचून घेतला आणि तारुण्य परतलं, असं त्यानं जाहीर केलं. हा कुणी भोंदू नव्हता. मज्जारज्जूवरचं त्याचं काम आजही शिकवलं जातं. त्यानं पुरावाही मोजून आणला होता. उपकरणावर हाताची पकड मोजली, लघवीची धार किती लांब जाते तेही मोजलं. दोन्ही आकडे सुधारले होते. पाण्यात त्या ग्रंथींतला संप्रेरक जवळजवळ उतरतच नाही, हे नंतर कळलं. पाच वर्षांनी तो वारला. मधल्या काळात युरोप-अमेरिकेत हजारो लोकांनी ती सुई टोचून घेतली होती. आपल्याकडे १९३८मध्ये पंचाहत्तरी ओलांडलेल्या मदनमोहन मालवीयांनी कुटीत राहून कायाकल्प करून घेतला, तेव्हा वर्तमानपत्रांत असाच गाजावाजा झाला. ते पुढे आठ वर्षं जगले, म्हणून कल्प फळला म्हणायचं? न करता किती जगले असते हे सांगणारा दुसरा मालवीय कुठून आणायचा? आणि अगदी अलीकडे, २०२३मध्ये, ब्रायन जॉन्सन या अमेरिकन उद्योजकानं आपल्या सतरा वर्षांच्या मुलाचा रक्तद्रव स्वतःत चढवून घेतला. ययातीची गोष्ट ज्यांना ठाऊक आहे त्यांना वेगळं सांगायला नको. काही फायदा दिसला नाही, असं त्यानंच नंतर सांगितलं आणि ते थांबवलं. एवढा प्रामाणिकपणा त्याच्या पदरात टाकू, पण एका माणसावर पन्नास उपाय एकदम केले तर फायदा दिसूनही कळणार काय होतं, कशानं झाला ते?

भारतीयांच्या बाबतीत शिताचा प्रश्न आणखी अवघड आहे, कारण ही घड्याळं बहुतांशी युरोपीय वंशाच्या लोकांच्या रक्तावर जुळवलेली. पुण्याजवळच्या सहा गावांत १९९३पासून केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटानं गरोदर बायका आणि त्यांची मुलं यांचा पाठपुरावा केला. तिथलं बाळ सरासरी २.७ किलोचं, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनचं ३.५ किलोचं. तरी पुण्याच्या बाळाच्या कातडीखालची चरबी त्या मानानं टिकून होती, कमी होतं ते स्नायू आणि पोटातल्या अवयवांचं वजन. मधुमेह आपल्याला दहा वर्षं लवकर आणि कमी वजनावर का गाठतो, याचा धागा तिथे आहे. अशा शरीराला परदेशी सूत्रानं 'तुमचं वय ५१' सांगणं म्हणजे परक्याच्या मापाचा सदरा घालून खांदे उतरलेत म्हणणं. त्यातही अडचण अशी की सूत्र जुळवायला खरी जन्मतारीख लागते. महाराष्ट्रात साठीपुढच्या किती लोकांचा वाढदिवस १ जूनला असतो, ते कुठल्याही बँकेच्या पेन्शनच्या रांगेत विचारा. शाळेत घालताना गुरुजींनी टाकलेली ती तारीख. इतरांनी हसायचं कारण नाही. जपानमध्ये २०१०ला नोंदी तपासल्या तेव्हा कागदावर हयात असलेल्या शंभरीपारच्या दोन लाख तीस हजारांहून अधिक लोकांचा पत्ताच लागेना.

बरं, मृत्यू आणि आजार मोजणाऱ्या चाचण्या खरंच इतक्या अशक्य आहेत? नाहीत. उमेदवार म्हातारे घ्यायचे. पासष्टीपुढे घटना इतक्या वेगानं घडतात की पाच-सहा वर्षं पुरतात. वरचा रक्तदाब १४०ऐवजी १२०च्या खाली आणला तर काय होतं, हे ९,३६१ लोकांवर पाहिलेली अमेरिकी चाचणी २०१५मध्ये सव्वातीन वर्षांतच थांबवली गेली, कारण मृत्यू २७ टक्क्यांनी कमी झाले होते. त्यातले चौथ्या हिश्शाहून जास्त लोक पंचाहत्तरीपुढचे होते. वजन उतरवणाऱ्या सेमाग्लूटाइडनं १७,६०४ हृदयरोग्यांत झटके, पक्षाघात आणि हृदयविकारानं येणारे मृत्यू मिळून २० टक्क्यांनी कमी केले, हे २०२३ला कळलं. त्या चाचणीत मधुमेही घेतलेच नव्हते. कुणीही 'दीर्घायुष्याचं औषध' असा फलक लावला नव्हता, तरी आयुष्य वाढवणारा पुरावा म्हणतात तो हाच.

मेटफॉर्मिन या मधुमेहाच्या जुन्या गोळीसाठी अशीच चाचणी आखून तयार आहे. न्यूयॉर्कचे नीर बार्झिलाई आणि सहकारी यांनी ती मांडली: ६५ ते ७९ वयाचे ३,००० लोक, १४ केंद्रं, सहा वर्षं; मोजायचं काय, तर हृदयविकार, पक्षाघात, कॅन्सर, स्मृतिभ्रंश आणि मृत्यू, सगळं मिळून किती लांबतं. दहा वर्षं उलटली तरी तिचा पूर्ण खर्च उभा राहिलेला नाही. कारण साधं आहे: दोन-चार रुपयांच्या, पेटंट संपलेल्या गोळीवर पैसे लावून कंपनीला काय मिळणार? दुसरीकडे पेशींना मागच्या अवस्थेत नेण्याच्या संशोधनासाठी २०२२च्या जानेवारीत एकाच कंपनीनं तीन अब्ज डॉलर घेऊन दुकान थाटलं. त्या संशोधनाची थोरवी मी नाकारत नाही. शिन्या यामानाका यांना चार जनुकांच्या त्या शोधासाठी २०१२चं नोबेल मिळालं ते योग्यच. पण तेच चार जनुक जिवंत उंदरात मोकाट चालू ठेवले तेव्हा त्यांच्या अंगात गाठी झाल्या, हेही २०१३चंच वास्तव. आणि मेटफॉर्मिनची बाजू मी घेतोय असंही समजू नका. २०१४च्या ब्रिटिश नोंदींत ते घेणारे मधुमेही मधुमेह नसलेल्यांपेक्षाही जास्त जगलेले दिसले. २०२२मध्ये डेन्मार्कच्या नोंदींत तसं काही दिसलं नाही. वजनं उचलून स्नायू कमावणाऱ्या पासष्टीपुढच्या लोकांत या गोळीनं स्नायूंची वाढ उलट कमी केली. वर्षानुवर्षं घेतली तर ब१२ जीवनसत्त्व घटतं, ते वेगळंच. रापामायसिनही साठीपुढच्या माणसानं मित्राचं ऐकून सुरू करावं असं नाही. त्यानं तोंड येतं, रक्तातली चरबी वाढते, जखमा भरायला वेळ लागतो. जी गोळी उपकारक की अपायकारक हे माहीत नाही, तिचीच चाचणी घ्यायची असते. नाहीतर ती कुणाची घ्यायची?

राहिला गरीब देशाचा आक्षेप. तो मनापासून घेतलेला असतो, म्हणून त्याला उत्तर द्यायला हवं. (लोकसंख्या वाढेल, या आक्षेपाला मात्र फार वेळ देत नाही. महाराष्ट्राचा जननदर २०१९-२१च्या पाहणीतच बाईमागे १.७ मुलांवर आला होता.) पाण्याचे टँकर फिरतात, प्राथमिक आरोग्यकेंद्रात डॉक्टर नाही, आणि तुम्हाला शंभरी हवी? लंकेत सोन्याच्या विटा, आपल्याला काय त्याचं? १९५०च्या सुमारास भारतातलं सरासरी आयुर्मान ३२ वर्षं होतं, आज ते सत्तरीच्या घरात आहे. हे काम लसी, प्रतिजैविकं, पाणी आणि सुईणींनी केलं, कुठल्याही दीर्घायुष्य-केंद्रानं नाही, हे शंभर टक्के कबूल. पण त्या यशातूनच पुढचा प्रश्न उभा राहिला. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९च्या हिशेबानं भारतीय माणूस ७०.८ वर्षं जगतो आणि त्यातली निरोगी ६०.३. उरलेली दहा वर्षं कोण सांभाळतं? बहुतेक घरांत सून, नाहीतर लेक. एकेका रोगाच्या मागे लागून ही दहा वर्षं फार कमी होत नाहीत. कॅन्सर उद्या नाहीसा झाला तरी सरासरी आयुष्य तीनेक वर्षांनीच वाढेल असा जुना हिशेब आहे, कारण त्यातून सुटलेल्या ऐंशीच्या माणसाच्या दाराशी पक्षाघात आणि विस्मृती उभ्याच असतात. म्हातारपणाचा वेगच थोडा मंदावला तर सगळ्यांची पावलं एकदम मागे सरकतील. गरिबाला हे नको आहे का? आणि महाग औषध कायम महागच राहतं हेही खरं नाही. एड्सवरची औषधं वर्षाला दहा हजार डॉलरांच्या वर होती, तेव्हा ती आफ्रिकेला परवडणारच नाहीत असं ठामपणे सांगितलं जात होतं. २००१मध्ये मुंबईच्या सिप्लाच्या युसूफ हमीद यांनी ती वर्षाला ३५० डॉलरला देऊ केली. औषध कुणाला मिळणार हे पेटंट आणि किंमत ठरवतात. संशोधनाच्या विषयाला श्रीमंत-गरीब अशी जात नसते.

उलट मी म्हणेन की मेटफॉर्मिनची ही चाचणी इथे व्हावी. गोळी इथेच बनते. देवनारच्या लोकसंख्या विज्ञान संस्थेनं ४५ वर्षांपुढचे आणि त्यांचे जोडीदार मिळून ७२ हजारांहून अधिक भारतीयांची पकड, चालण्याचा वेग, स्मरणशक्ती आणि रक्तदाब २०१७-१८मध्ये घरोघरी जाऊन मोजलेला आहे. उमेदवार पंचावन्नपासून घ्यावेत, कारण आपले आजार लवकर सुरू होतात. ब१२ दर वर्षी तपासावं. चार मीटर चालायला किती सेकंद लागतात, खुर्चीवरून हाताचा आधार न घेता पाच वेळा उठता येतं का, हे आशा कार्यकर्ती घड्याळ लावून बघू शकते. सगळ्यांत अवघड काम मृत्यूचं कारण लिहिण्याचं आहे. २०२०मध्ये देशातल्या नोंदलेल्या मृत्यूंपैकी जेमतेम २२ टक्क्यांना डॉक्टरनं लिहिलेलं कारण होतं, बाकी 'म्हातारा होता, गेला'. तेव्हा घरच्यांशी बोलून कारण ठरवणारी प्रशिक्षित माणसं लागतील आणि त्यांचा पगार आधी धरावा लागेल. संमतीपत्र मराठीत, मोठ्या टायपात आणि वाचून दाखवलेलं असावं. आंध्र आणि गुजरातमधल्या मुलींवरचा लशीचा प्रकल्प २०१०मध्ये थांबवावा लागला, आणि संमती घेण्यातल्या त्रुटी त्याच्या चौकशीत पुढे आल्या होत्या. आणि चाचणीबरोबरच, साताऱ्यात नि सिंधुदुर्गात सरकारी केंद्रांतून महिन्याभराच्या रक्तदाबाच्या गोळ्या नाव-नोंद ठेवून देण्याचं जे काम झालं, ते दोन्ही गटांना मिळालंच पाहिजे. ज्या गोळीचा पुरावा १९६७पासून हातात आहे, ती न देता दुसऱ्या गोळीची परीक्षा घेणं हा निव्वळ निर्लज्जपणा होईल.

दीडशे वर्षांचं काय, असं विचारणाऱ्यांसाठी एक पैज लागलेली आहे. २०००मध्ये स्टीव्हन ऑस्टॅड आणि जे ओल्शान्स्की या दोन अमेरिकी संशोधकांनी प्रत्येकी दीडशे डॉलर गुंतवणुकीत टाकले. दीडशे वर्षं जगणारा माणूस आजच जन्मलेला आहे, हे ऑस्टॅडचं म्हणणं, नाही हे ओल्शान्स्कींचं. जेन कालमाँ १२२ वर्षांची होऊन १९९७मध्ये वारल्या, त्यांच्यापुढे अजून कुणी गेलेलं नाही. निकाल २१५०मध्ये, पैसे जिंकणाऱ्याच्या वारसांना. मोजायचं काय, हे मात्र दोघांनी आधीच ठरवून ठेवलं आहे. नुसता श्वास चालू असलेला दीडशे वर्षांचा माणूस दाखवून ऑस्टॅडच्या वारसांना पैसे मिळणार नाहीत. त्या माणसाला साधं बोलणं करता आलं पाहिजे.